दात्याचें प्रयाण

परदेशी दानाची परीक्षा दाता परत गेल्यावर होते. १९५२ सालीं अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानानें भारतीय वैद्यकसंशोधन परिषदेसह पुण्यांत विषाणु-संशोधन केंद्र स्थापिलें. प्रतिष्ठानाचे अधिकारी येथील तरुणांना डांस, गोचिडी व रक्त तपासण्याची विद्या शिकवूं लागले. १९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील क्यासनूरच्या अरण्यांत माकडें मरूं लागलीं, तेव्हां दोघांनीं मिळून गोचिडींतून पसरणारा विषाणु शोधला. १९६५ सालीं नागपूर जिल्ह्यांतील चांदीपुरा येथील ज्वरग्रस्तांत दुसरा सांपडला. १९६७ सालीं प्रतिष्ठानानें निरोप घेतला. केंद्र मात्र चालूच राहिलें. २००३ सालीं मुदखेडपासून फार दूर नसलेल्या तेलंगणांत मुलें तापानें दगावूं लागलीं, तेव्हां पुण्याच्या संशोधकांना त्यांच्यांत चांदीपुऱ्याचाच विषाणु आढळला. त्यावर औषध नव्हतें. पण शत्रु ओळखणारीं माणसें आपलीं होतीं. मागें उरलेलें खरें दान तें हेंच.