फ्लाय फिशिंगमधील कृत्रिम माशीची निवड

फ्लाय फिशिंग या गळाच्या मासेमारीत खऱ्या आमिषाऐवजी पिसे, प्राण्यांचे केस, लोकर व धागा गळावर बांधून तयार केलेली कृत्रिम माशी वापरली जाते. ही माशी इतकी हलकी असते की ती स्वतःच्या वजनाने दूर जात नाही. म्हणून तुलनेने जड दोरी हवेत मागेपुढे खेळवून तिच्या वजनाने माशी पाण्यावर टाकली जाते. मराठीत ‘माशी’ म्हटले की घरमाशी डोळ्यांसमोर येते. येथे मात्र या शब्दात पाणकीटक, त्यांच्या पाण्याखालील अवस्था, पाण्यात पडलेली मुंगी वा नाकतोडा आणि लहान मासळीच्या प्रतिकृतीही मोडतात. गोड्या पाण्यातील या मासेमारीचे मुख्य लक्ष्य ट्राउट हा मासा होय. त्याच्यासाठी कोणत्या वेळी कोणती माशी बांधावी, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना वादविषय आहे.

पूर्वपीठिका

रोमन लेखक एलियन याने इसवी सन २०० च्या सुमारास मॅसेडोनियातील मासेमारांचे वर्णन केले आहे. गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे जोडण्याची त्यांची रीत होती. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात बारा माशांची यादी आढळते. आल्फ्रेड रोनाल्ड्झ यांनी १८३६ च्या ‘द फ्लाय-फिशर्स एंटोमॉलॉजी’ या ग्रंथात खरा कीटक व त्याची प्रतिकृती यांची चित्रे शेजारीशेजारी दिली. येथून पुढे माशीची निवड कीटकशास्त्राशी जोडली गेली.

कीटकाची अवस्था

निवडीचा पाया मेफ्लाय या कीटकाच्या जीवनक्रमात सापडतो. त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली ‘निम्फ’ या अवस्थेत जातो. वाढ पूर्ण झाल्यावर निम्फ पृष्ठभागाकडे येतो, कात टाकतो आणि त्यातून मळकट पंखांचा ‘डन’ बाहेर पडतो. तो काही क्षण शिडासारखे उभे पंख घेऊन प्रवाहाबरोबर वाहतो. काठावर गेल्यावर तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा कीटकांचा हा आज हयात असलेला एकमेव गण आहे. आता पारदर्शक पंखांचा ‘स्पिनर’ तयार होतो. तो काहीही खात नाही. मीलन होऊन अंडी घातल्यावर पंख पसरून पाण्यावर मरून पडतो. ट्राउट या साऱ्या अवस्था खातो, पण एखाद्या अवस्थेचा पुरवठा विपुल असेल तेव्हा बहुधा तीच वेचतो. डन वाहत असताना तो त्यांच्याकडे दुर्लक्ष करून पृष्ठभागालगतचे निम्फच टिपत असेल, तर डनची उत्कृष्ट प्रतिकृतीही निरुपयोगी ठरते. म्हणून ‘कोणता कीटक’ याइतकाच ‘कोणती अवस्था’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

इतर कीटक पंखांवरून ओळखता येतात. कॅडिसफ्लायचे पंख बसल्यावर घराच्या छपरासारखे उतरते असतात, तर स्टोनफ्लायचे पाठीवर सपाट मिटलेले असतात.

ट्राउटला काय दिसते

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे सुमारे ९७ अंशांच्या शंकूत, म्हणजे एका गोल झरोक्यातून दिसते. या झरोक्याचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. त्यापलीकडचा पृष्ठभाग आरशासारखा असतो व त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. तरंगणारी माशी या आरशाच्या भागातून येत असताना प्रथम दिसतात ते तिच्या पायांनी पृष्ठभागावर उमटवलेले प्रकाशबिंदू. त्यानंतर झरोक्याच्या कडेशी पंखांची टोके दिसू लागतात. झरोक्यात आल्यावर माशी उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर असते. आकार व बाह्याकृती यांना रंगाच्या बारकाव्यांपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, त्याचे एक कारण हे आहे. दुकानात माणसाला भुरळ घालणारी रंगसंगती ट्राउटच्या दृष्टीला पडेलच असे नाही.

हॅल्फोर्ड आणि स्क्यूज

दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट, इचेन या नद्या खडूच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहतात. पाणी नितळ, प्रवाह संथ आणि कीटक विपुल असल्याने येथील ट्राउट माशी निरखून पाहतो. फ्रेडरिक हॅल्फोर्ड यांनी १८८६ च्या ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम’ या ग्रंथापासून पृष्ठभागावर तरंगणाऱ्या ‘कोरड्या माशी’चा पुरस्कार केला. वर येऊन खाणारा मासा हेरावा आणि त्या वेळच्या कीटकाची शक्य तितकी हुबेहूब प्रतिकृती त्याच्यापुढे टाकावी, असा त्यांचा आग्रह होता. १९१० मध्ये त्यांनी अशा तेहतीस प्रतिकृतींचा निवडक संच प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी जी. ई. एम. स्क्यूज यांचे ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ प्रसिद्ध झाले. व्यवसायाने वकील असलेले स्क्यूज पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील अन्न काढून तपासत. त्यात निम्फांचे प्रमाण मोठे असल्याचे पाहून त्यांनी बुडणाऱ्या निम्फ-प्रतिकृती वापरल्या. हॅल्फोर्डच्या अनुयायांना हे नियमबाह्य वाटे. वाद इतका ताणला गेला की हॅल्फोर्ड यांच्या मृत्यूनंतर दोन तपे उलटून गेल्यावर, १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर जाहीर चर्चा झाली. पुढे विल्टशरमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावरच निम्फ बांधला. पोहताना निम्फ पाय अंगाशी घट्ट धरतो, म्हणून त्यांनी पाय दाखवलेच नाहीत. हा नमुना आजही जगभर वापरात आहे.

वेगवान पाणी

डोंगरी ओढ्यांत चित्र बदलते. तेथे अन्न कमी व प्रवाह जोराचा असल्याने माशाला निर्णयासाठी क्षणभरच मिळतो. स्कॉटलंडचे डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी १८५७ मध्येच मोजक्या, साध्या माशा पुरेशा असल्याचे मांडले होते; काळी, तांबडी व राखी अशा त्यांच्या तीन ‘स्पायडर’ माशा प्रसिद्ध आहेत. जपानमधील तेनकारा पद्धतीत तर काही मासेमार वर्षभर एकच नमुना वापरतात. हॅल्फोर्ड आणि स्ट्युअर्ट या दोघांचेही म्हणणे आपापल्या नदीपुरते खरे होते, असे मानणे अधिक योग्य ठरेल.

प्रत्यक्ष निवड

आधी पाण्याचे निरीक्षण केले जाते. मासा वर आल्यावर नाक दिसून मागे बुडबुडा राहिला, तर त्याने बहुधा पृष्ठभागावरचा कीटक घेतलेला असतो. केवळ पाठ व शेपूट दिसली, तर पृष्ठभागाखालचा. कोणतीच हालचाल नसेल तर तळाचे दगड उलटून तेथील निम्फ पाहतात आणि वजनदार निम्फ खोल सोडतात. गढूळ पाण्यात मोठी, गडद माशी उपयोगी पडते. गळाचे क्रमांक नवख्यांना चकवतात: क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे २० क्रमांकाचा गळ १० क्रमांकाहून बराच बारीक असतो. माशी नाकारली गेल्यास नमुना बदलण्यापूर्वी दोरीच्या ओढीने ती प्रवाहाविरुद्ध सरकते आहे का, हे पाहणे इष्ट असते; अशी ओढ लागलेली अचूक प्रतिकृतीही ट्राउट सहसा घेत नाही.

सामनच्या माशा आणि पिसे

अंडी घालण्यासाठी नदीत परतणारा प्रौढ सामन सहसा काही खात नाही. त्यामुळे त्याच्यासाठीच्या माशा कोणत्याही कीटकाची नक्कल नसतात आणि त्यांची निवड पाण्याची पातळी, तापमान व प्रकाश यांवरून होते. व्हिक्टोरियन काळात या माशांसाठी देशोदेशीच्या पक्ष्यांची पिसे वापरली जात. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील, मेणासारख्या पिवळसर ठिपक्यांच्या पिसांना विशेष मागणी होती. भारतात या पक्ष्याची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे. जुन्या नमुन्यांचा हव्यास मात्र संपलेला नाही: २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांचे २९९ जतन केलेले नमुने चोरीस गेले, ते या माशा बांधणाऱ्या एका तरुणानेच नेले होते. आज मासे पकडण्यासाठीच्या माशांत रंगवलेली कोंबड्याची पिसे व कृत्रिम तंतू यांनी दुर्मिळ पिसांची जागा घेतली आहे.