जामीन कोण राहणार?

१८८२ साली पुण्यातले दोन तरुण संपादक फौजदारी खटल्यात अडकले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे छत्रपती चौथ्या शिवाजींचा छळ करतात, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापला होता. त्याला आधार म्हणून घेतलेली पत्रे पुढे बनावट निघाली आणि बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. टिळक आणि आगरकर तेव्हा जेमतेम पंचविशीचे. पगार तुटपुंजे, घरची इस्टेट बेताची. जामिनाची रक्कम होती दहा हजार रुपये.

ही रक्कम उभी राहिली ती जोतीराव फुल्यांच्या शब्दावर. फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक समाजातले रामशेठ उरवणे या दोघांसाठी जामीन राहिले. पुढे टिळक आणि फुले यांचे मार्ग किती वेगळे झाले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून उरवण्यांची ही सही अधिकच लक्षात ठेवण्यासारखी. खटल्यात चार महिन्यांची शिक्षा झाली, सूट मिळून १०१ दिवस भरले आणि आगरकरांनी त्यावर डोंगरीच्या तुरुंगातल्या दिवसांचे पुस्तक लिहिले. पुस्तक आजही वाचले जाते. जामीनदाराचे नाव मात्र फार थोड्यांना आठवते.

जामीन राहण्याची ही रीत इंग्रजांनी आणलेली नव्हती. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतापुढे किंवा मजलशीपुढे आला की वादी-प्रतिवादींकडून जामीनकतबा लिहून घेतला जाई. माणसाला वेळेवर समोर आणून उभे करणारा तो हाजीरजामीन, देण्याची हमी घेणारा मालजामीन आणि वर्तणुकीची हमी देणारा फेलजामीन. गावात ज्याचा शब्द चालतो त्यानेच हे ओझे उचलायचे. १८६१ साली पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली. पुढे गुन्ह्यांची जामीनपात्र आणि अजामीनपात्र अशी विभागणी रुळली आणि शब्दाच्या जागी कोर्टाचा बंधपत्राचा कागद आला. कागदावर सही करणारा ऐपतदार माणूस तरीही लागायचाच.

त्या सहीवर काय काय अवलंबून असते, हे १८९७ च्या खटल्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. पुण्यात प्लेग, घरोघर झडत्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी. महिन्याभराने, २७ जुलैला, टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांवरून मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट स्लेटर यांनी जामीन नाकारला. २९ जुलैला हायकोर्टानेही नाकारला, पण पुन्हा अर्ज करायची मुभा ठेवली. २ ऑगस्टला खटला सेशन्सकडे सोपवला गेला आणि तिथे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजींपुढे तिसरा अर्ज आला. भाईशंकर-कांगा या सॉलिसिटर पेढीच्या वतीने बॅरिस्टर दिनशा दावर यांनी तो मांडला. अॅडव्होकेट जनरलनी कसून विरोध केला. तैयबजींनी जामीन मंजूर केला. दहा वर्षांपूर्वी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या या न्यायाधीशाला, आपल्या आदेशाकडे सरकार कोणत्या नजरेने पाहील, हे कळत नव्हते असे मुळीच नाही.

जामिनामुळे टिळकांच्या हाती महिनाभर आला. ८ सप्टेंबरला खटला उभा राहीपर्यंत बंगालमधून पैसा गोळा झाला आणि कलकत्त्याच्या बारमधले पग आणि गार्थ हे बॅरिस्टर बचावासाठी मुंबईत दाखल झाले. वकील निवडायचा, त्याच्यासमोर बसून कागद उलगडायचे, मराठी लेखांच्या इंग्रजी तर्जुम्यात कुठे खोट आहे ते दाखवायचे, ही कामे कोठडीच्या गजाआडून नीट होत नाहीत. निकाल विरुद्ध गेला. नऊ ज्यूरर, त्यांतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी १८ महिन्यांची सक्तमजुरी दिली. तरीही लढाई पूर्ण तयारीनिशी लढली गेली, हे जामिनाचे देणे.

१९०८ मध्ये ही सवलत मिळाली नाही. २४ जूनला पुन्हा राजद्रोहाच्याच आरोपाखाली मुंबईच्या सरदारगृहातून टिळकांना नेले, मॅजिस्ट्रेट अॅस्टन यांनी जामीन फेटाळला आणि २ जुलैला हायकोर्टात अर्ज घेऊन उभे राहिले ते तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना. समोर खुर्चीवर न्यायमूर्ती दावर होते. अकरा वर्षांपूर्वी याच आरोपीच्या जामिनासाठी झगडलेले तेच दिनशा दावर. त्यांनी अर्ज नामंजूर केला. एका माणसाच्या वकिलीतून आणि न्यायनिवाड्यातून एकाच प्रश्नाची दोन उत्तरे इतक्या ठळकपणे उमटल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडायचे नाही. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक काळ बोलले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढची वर्षे मंडालेत गेली.

१९१६ चा प्रसंग वेगळ्या जातीचा. २३ जुलैला साठीच्या समारंभात टिळकांना एक लाखाची थैली अर्पण झाली आणि त्याच दिवशी सरकारची नोटीसही हातात पडली. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनी वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जुन्या फेलजामिनाचाच हा सरकारी अवतार. या वेळी जिना जिंकले. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

टिळकांच्या मागे निदान नाव होते, पैसा उभा करणारे मित्र होते. नाव नसलेल्याचे काय? १९७८ साली हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला तो मोतीराम नावाच्या एका गवंड्यामुळे. मध्य प्रदेशातल्या या मजुराला जामीन मंजूर झाला होता, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि पुढे आलेल्या भावाला नाकारले. कारण काय, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली! न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे घटनाविरोधी ठरवून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातूनच्या खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी देशाने पाहिले. अनेकांची कैद त्यांच्या गुन्ह्याला होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेपेक्षाही लांबली होती.

आज कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी उभे राहावे. सातबाऱ्याचा उतारा, घरपट्टीची पावती, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन नातेवाईक झाडाखाली ताटकळत असतात. जामीन मंजूर झालेला असतो, जामीनदार मिळत नसतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे, ऊसतोडीला आलेल्याकडे यातला एकही कागद नसतो. अशा वेळी पैसे घेऊन उभे राहणारे भाडोत्री जामीनदार गाठतात आणि त्यांचे कागद खोटे निघाले की आरोपी पुन्हा आत जातो. हा धंदा चालतो तो गरिबाच्या अगतिकतेवर, आणि त्याकडे डोळेझाक करणे हा व्यवस्थेचा दोष आहे.

कायद्यात मात्र वाटा आहेत आणि त्या लोकांपर्यंत पोचायला हव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ नुसार जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्कच आहे, आणि आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर त्या माणसाला निर्धन समजून त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचे असते. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे बंधनकारक आहे. कोठडीतला माणूस, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकिलाला पात्र ठरतो. घरातल्या कोणाला अटक झाली तर आवारात भेटणाऱ्या दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत. त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.