रात्री दोन ते सकाळी आठ

गेल्या शनिवारी कपाट आवरताना एक जुनी वही सापडली. साल २००७. आत तीन रकाने: तारीख, वेळ आणि एमबी. तेव्हा पुण्यात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो आणि ब्रॉडबँडचा हिशोब दुधाच्या हिशोबासारखा लिहून ठेवायचो. (हसू नका, दूध स्वस्त होतं.)

महिन्याला १ जीबी. त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोजणी बंद. मग काय, पावणेदोनचा गजर लावायचा, दोन वाजता लिनक्सची सीडी डाउनलोडला लावायची आणि परत झोपायचं. ७०० एमबीच्या सीडीला २५६ केबीपीएसवर सहा तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणजे सीडीचं शेपूट कायम दुसऱ्या रात्रीवर!

पुढे वेग वाढून दोन एमबीपीएसपर्यंत गेला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण मर्यादा तीच, १ जीबी. आता ती तासाभरात संपू शकते हा साधा गुणाकार तीन इंजिनियरांपैकी एकानेही केला नाही. त्या महिन्याचं बिल साडेतीन हजार आलं. असो.

ही मोजामोजी आली कुठून? सुरुवात १५ ऑगस्ट १९९५. त्या दिवशी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. एका व्यक्तीला २५० तासांचे पाच हजार रुपये, म्हणजे तासाला वीस. फोनचं बिल वेगळं. वेग ९.६ केबीपीएस. परवा सहज हिशोब केला: सगळे २५० तास पूर्ण वेगाने वापरले तरी जेमतेम १ जीबी होतो. आज पोरं तेवढा एका संध्याकाळी संपवतात.

महाग असण्याला कारण होतं. देशाबाहेर जाणारी वाट एकाच कंपनीच्या हातात होती आणि आपण जे बघायचो ते बहुतेक परदेशातल्या सर्व्हरवर असायचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडलं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसची, कायम चालू असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली. जोडणी कायम चालू म्हटल्यावर तास मोजण्यात अर्थ उरला नाही. तासांच्या जागी एमबी आले.

आता मला पटलेली एक गोष्ट सांगतो. आमची रात्रीची सवलत त्यातल्या त्यात प्रामाणिक होती. गर्दी संध्याकाळी होते, पाइप रात्री रिकामा असतो. म्हणून रात्री फुकट. आणि त्या वहीत 'कुठली साइट' असा चौथा रकाना नव्हता. लिनक्स असो की सिनेमा, एमबी तो एमबी.

हा चौथा रकाना पुढे आला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ठराविक साइट फुकट देणारी सेवा आणली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. मार्च २०१५ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली, तर दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यातला एक माझा.

तेव्हा परभणीकडच्या मावसभावाशी फोनवर वाद झाला. तो म्हणाला, "दादा, तुझ्या घरी लाइन आहे. मला निदान चार गोष्टी फुकट मिळतायत, त्या पण बंद करणार का?" मी यादी कोण ठरवणार, नव्या माणसाची साइट त्यात कशी येणार वगैरे बोललो. पण खरं सांगू? उपाशी माणसाला मेनूकार्डाचं तत्त्वज्ञान सांगतोय असं वाटलं. डिसेंबर २०१५ मध्ये झुकरबर्गने वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्यातही महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचाच दाखला होता. युक्तिवाद माझ्या भावाचाच, फक्त इंग्रजीत.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला: मजकूर बघून डेटाचा वेगळा दर लावायचा नाही. मोडलात तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख दंड. त्याच आठवड्यात फेसबुकने ती सेवा भारतात बंद केली. आम्ही जिंकलो. भावाच्या हातात मात्र त्या दिवशी काहीच आलं नाही, हे त्या जल्लोषात कुणी बोललं नाही. मीही नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. नियमामुळे इंटरनेट स्वस्त झालं असं मी म्हणणार नाही. ते पैसा ओतल्याने आणि स्पर्धेने झालं. नियमाने एवढंच केलं की भावाच्या हातात जे आलं ते अख्खं आलं, यादीपुरतं नाही. माझा ईमेल बरोबर होता असं आज वाटतं. पण त्याचा प्रश्नही चुकीचा नव्हता. ते सात महिने त्याचे गेले, माझे नाही.

दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो. जुलै २०२४ मध्ये दर वाढल्यापासून घरात एकाच फोनला मोठं रिचार्ज. रात्री साडेअकराला पुतण्या जागाच. म्हटलं, झोप की.

"थांबा ना काका, बारा वाजता नवीन डेटा येतो. गणिताचं लेक्चर उतरवायचंय."

त्याला पावणेदोनच्या गजराची गोष्ट सांगितली. मग दोघं बारा वाजायची वाट बघत बसलो.