झाशीची राणी लक्ष्मीबाई : साहित्य व लोकमाध्यमांतील चित्रण

झाशी संस्थानची राणी (मृत्यू जून १८५८, तारीख १७ की १८, याबाबत मतभेद). चरित्रासाठी मुख्य नोंद पहावी.

साहित्य : मराठीत द. ब. पारसनीसकृत चरित्र (१८९४) जुने व साधार आहे. मात्र राणीचे जिवंत दर्शन घडते ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये. वेढ्याच्या वेळी गोडसे भटजी झाशीतच होते. त्यांच्या वर्णनातील बाई पायजमा, अंगरखा व पागोटे अशा पुरुषी वेषात वावरते, कधी पांढरे लुगडे नेसते. नथ तिने वैधव्यानंतर टाकलेली आहे. कॅलेंडरांवरील दागिन्यांनी मढलेल्या राणीशी याचा मेळ बसत नाही. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये छापलेल्या पाठात बरेच फेरफार आहेत. हस्तलिखितावरून सिद्ध केलेली द. वा. पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये निघाली; तोवर लेखकांपुढे छापील असा वैद्यांचाच पाठ होता. झाशी न देण्याचे प्रसिद्ध उद्गार नंतरचे नव्हेत. राणीला १८५४ मध्ये भेटलेल्या जॉन लँग या वकिलाच्या पुस्तकात (१८५९) ते आढळतात.

हिंदीत सुभद्राकुमारी चौहान यांची कविता सर्वश्रुत. वृंदावनलाल वर्मा यांच्या कादंबरीने (१९४६) राणीच्या स्त्री-सैन्यातील मानल्या जाणाऱ्या झलकारीबाईला प्रसिद्धी दिली. तिच्याविषयीची समकालीन साधने तुटपुंजी आहेत. महाश्वेतादेवींच्या बंगाली चरित्रात (१९५६) बुंदेलखंडातील लोकगीतांचा व आठवणींचा उपयोग केलेला आहे.

नाटक : वि. वा. शिरवाडकर, ‘वीज म्हणाली धरतीला’.

चित्रपट : सोहराब मोदींचा ‘झांसी की रानी’ (१९५३) हा भारतातील पहिला टेक्निकलर चित्रपट गणला जातो. राणीची भूमिका मेहताब यांची. खर्च अफाट झाला, गल्ला जमला नाही. ‘मणिकर्णिका’ (२०१९) मध्ये कंगना राणावत. झी टीव्हीवर हिंदी मालिका (२००९–११).

शिल्प व चित्र : पाठीशी मूल बांधलेली अश्वारूढ राणी ही रूढ प्रतिमा. दत्तकपुत्र दामोदरराव यांचा जन्म १८४९ चा, म्हणजे झाशी सोडताना ते आठ-नऊ वर्षांचे होते; मूर्तिकार मात्र तान्हे मूल घडवतात. ही चूक आता परंपराच झाली आहे. भारतीय टपाल खात्याने १८५७ च्या शताब्दीनिमित्त १९५७ मध्ये काढलेल्या तिकिटावरही राणी घोड्यावरच आहे.