सायकलीची बैठक

सायकलीच्या सीटची उंची किती असावी, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आणण्याइतका मोठा आहे काय, असा प्रश्न मालवणच्या चोखंदळ श्रोत्यांच्या मनात उठला तर त्यात वावगे काही नाही. समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा असताना इतिहासाच्या वक्त्याने नट आणि पान्ह्याची भाषा बोलावी, हे थोडे विचित्रच. परंतु सायकल हे यंत्रही विचित्र आहे. मोटारीत माणूस एंजिनाच्या मागे बसतो. सायकलीत तो स्वतःच एंजिन असतो. तेव्हा बैठकीचा इतिहास म्हणजे हे एंजिन यंत्राला नीट कसे जोडावे, याचा इतिहास होय.

1870 नंतर युरोपात उंच चाकाची सायकल चालू लागली. तिचे पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणून चाक जितके मोठे तितका वेग अधिक. 60 इंचांचे चाक एका फेऱ्यात पावणेसोळा फूट जाई. पण चाक वाढवायचे तरी किती? स्वाराचा पाय पोचेल तितके! शिंप्याकडे अंगरख्याचे माप द्यावे तसे गिऱ्हाईक सायकलवाल्याकडे आपल्या पायाचे माप देई. बैठक अंगाबरहुकूम मिळे; मात्र चाकासमोर दगड आला की स्वार डोक्यावर आपटे.

1885 मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' ही सुरक्षित सायकल बाहेर काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. या साखळीने चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तोडला. 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि सायकल घरोघर जाऊ लागली. आता माप घेण्याची गरजच उरली नाही. नळीत नळी सरकवावी, बोल्ट आवळावा, झाले! गोम आहे ती इथेच. पूर्वी विकणारा जे माप घेई, ते काम आता चालविणाऱ्यावर आले, आणि बहुतेकांनी ते केलेच नाही.

आपल्याकडे प्रथम रॅले, हंबर, बी. एस. ए. या विलायती सायकली आल्या. पुढे मुंबईत हिंद, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलस आणि लुधियानाला हीरो अशा गाड्या देशात तयार होऊ लागल्या. घडण मात्र तीच राहिली: 22 किंवा 24 इंची सांगाडा, 28 इंची चाके, वर आडवा दांडा. ही मापे मुळात इंग्रज गड्याच्या पायांची. आपल्या दहा-बारा वर्षांच्या पोराने काय करावे? त्याने दांड्याखालून उजवा पाय पलीकडे घातला आणि वाकड्या अंगाने अर्धे पायटे मारीत तो शिकला. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या सायकल शिकल्या त्या अशा, बैठकीवर न बसताच! माझ्या मते आपली सीट-नीचाची खोड तिथूनच आली. मोठेपणीही बसल्याजागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा आग्रह सुटत नाही. वास्तविक पायट्याचा आस जमिनीपासून सुमारे 28 सेंटिमीटर उंच असतो. सीट योग्य उंचीला असली तर जमिनीला टेकतात ती फक्त पायाची बोटे.

साधी परीक्षा अशी. भिंतीला टेकून सीटवर बसावे, पायटा सर्वांत खाली आणावा आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मग पाऊल मागे सरकवून बोटांमागील फुगीर भाग पायट्यावर आणला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. हल्लीचे जाणकार तो 25 ते 35 अंश धरतात. सीट याहून खाली असली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. फार वर असली तर कमर डावी-उजवीकडे झुलते आणि गुडघ्यामागे ताण बसतो.

शर्यतवाल्यांना एवढ्याने भागत नाही. 1967 मध्ये हॅम्ले आणि थॉमस या इंग्रज संशोधकांनी पायाच्या आतल्या लांबीच्या 109 टक्के अंतर, खालच्या पायट्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सर्वांत लाभाचे ठरविले. पाय 76 सेंटिमीटर असेल तर 82.8. अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड याच्या नावाने चालणारा नियम पायट्याच्या आसापासून मोजतो आणि पायाच्या लांबीला 0.883 ने गुणतो. 17 सेंटिमीटरचा पायट्याचा दांडा धरला तर त्याच माणसाला तो 84.1 देतो. दोन शहाण्यांत सव्वा सेंटिमीटरचे अंतर! गुडघ्यावरून ओळंबा सोडून तो पायट्याच्या आसावर पडावा, असाही एक नियम आहे. गवंड्याला तो शोभतो. पण पायट्यावरचे बळ काही ओळंब्याच्या रेषेतच लागते असे नाही. हे सारे नियम सुरुवातीला धरावेत, पुढे अंगाचे ऐकावे.

अंगाचे ऐकण्याचा कळस एडी मर्क्सने केला. हा बेल्जियन वीर टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकला. 1969 मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथे झालेल्या अपघातात त्याची कमर दुखावली. तेव्हापासून चालू शर्यतीतही तो सीट वर-खाली करू लागला. त्याचे शरीर बदलले होते, आणि जुने माप त्या शरीराचे नव्हते.

आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत खरी कसोटी खोपोलीनंतरच्या बोरघाटात लागते. तिथे पहिला येणारा 'घाटांचा राजा'. चढावर स्वार सीटवर मागे सरकतो, उतारावर पाठ आडवी करून वारा चुकवितो. आंबोली चढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. 2015 मध्ये नाशिकचे डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू जोडीने 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी सुमारे 4,800 किलोमीटरची तीच वाट एकट्याने, बारा दिवसांच्या आत तोडली. या शर्यतीत 1983 मध्ये मायकेल शर्मर नावाच्या स्वाराची मान इतकी ढिली पडली की डोके वर धरवेना. त्या व्याधीला पुढे त्याचेच नाव मिळाले. इतक्या लांबच्या वाटेवर वेगापेक्षा मान, मनगटे आणि बूड टिकविणारी बैठकच कामाची.

परंतु शर्यतवाल्याला माप घेणारा कोणी ना कोणी भेटतो. मानव विकास कार्यक्रमात राज्याच्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. आठवीतली मुलगी बारावीपर्यंत चांगली वाढते. सीट मात्र बहुधा पहिल्या दिवशी बसविली तिथेच गंजून राहते. चढाची वाट, पाठीवर दप्तर, आणि गुडघे छातीशी. वर्षातून दोनदा एक पान्हा आणि थोडे तेल एवढाच याला खर्च. नळीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. तिच्यावर मात्र नळी ओढू नये, नाहीतर ती सांगाड्याशीच मोडते.