अफवा, वावडी आणि जबाब

'अफवा' मराठीत एकवचनी स्त्रीलिंगी होऊन नांदते, पण मुळात ती अनेकवचनी. अरबीत 'फूह' म्हणजे तोंड आणि 'अफवाह' म्हणजे तोंडं. फारसीमार्गे शब्द आपल्याकडं आला तोवर तोंडं मागं पडली होती, त्यांतून निघालेली बातमी तेवढी उरली होती. संस्कृतातल्या 'किंवदंती'तही 'वदन्ति' आहेच, म्हणजे 'ते बोलतात'. पुन्हा अनेकवचन! आपली 'वदंता' त्याच घरची. बोलणारे पुष्कळ, धनी कुणीच नाही, हे दोन्हीकडच्यांनी ओळखलं होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लऊळ जगभर गाजलं. तिथं माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, त्यात पिल्लं मरतही होती. वन विभागानं दोन माकडं पकडली. गोष्ट एवढीच. पण मोबाईलवरून फिरता फिरता तिचं 'माकडांनी सूड घेतला, अडीचशे कुत्री मारली' असं झालं. मोजली कुणी, हे पुढं पाठवणाऱ्यांनी विचारलं नाही. लोक हसले, मीम झाली, निभावलं.

राईनपाड्यात निभावलं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावात, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे या अफवेपायी जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं.

याला जबाबदार कोण? 'जबाबदार' हा अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' यांचा जोड. जहागीरदाराकडं जहागीर, तसा जबाबदाराकडं जबाब. पोलीसही जबाब नोंदवतात तो एकेकाचा; जमावाचा म्हणून जबाब नसतो. 'आलं तसं पाठवलं' हे वाक्य म्हणजे जबाब न देताच उठून जाणं.

राईनपाडा घडला त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि त्यावर 'फॉरवर्डेड'ची चिठ्ठी लावली. कुणी फॉरवर्ड केलं, ते मात्र त्या शब्दात नाही. त्यापेक्षा आपले जुने वाक्प्रचार खरे: कंडी पिकवतात, पुडी सोडतात, वावडी उठवतात. वावडी म्हणजे पतंगसुद्धा, आणि पतंगाचा दोर कुणाच्या तरी हातात असतो. पुढं पाठवणाऱ्यालाही मी वावडी उठवणाराच म्हणेन.