एमजीबीची उंची आणि तिच्या स्प्रिंगा

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंगडनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. तिच्या उंचीचा प्रश्न मात्र निम्मे आयुष्य सरल्यावर, तोही अटलांटिकपलीकडच्या एका नियमामुळे, उभा राहिला. आज या गाडीसाठी आखूड स्प्रिंगा आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर शोधणाऱ्यांपैकी अनेकांना गाडी मुद्दाम खाली आणायची नसते. तिची मूळची बैठक परत हवी असते.

सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली आखलेल्या या गाडीचा सांगाडा नवा होता. स्वतंत्र चासी नसलेली ही एमजीची स्पोर्ट्‌स कार. चाकांखालची रचना मात्र जुन्या घराण्यातली. मागे सलग ॲक्सल आणि कमानपाटे. पुढे कॉइल स्प्रिंग आणि आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हर आर्म शॉक ॲब्सॉर्बर. लोखंडी डबीत तेल, आत पिस्टन आणि बाहेर हलणारी दांडी, अशी त्या शॉकची घडण. पुढच्या चाकांवर ही दांडीच सस्पेन्शनचा वरचा आर्म म्हणून काम करी. एका भागावर दोन कामे सोपवल्याने पैसा वाचला, पण पुढे बदल करू पाहणाऱ्यांचे हात बांधले गेले. शॉक खराब झाला म्हणून तो नुसता काढून टाकता येत नाही, कारण चाक त्याच्याच आधाराने उभे असते.

तरीही पहिली दहा-बारा वर्षे कोणाची फारशी तक्रार नव्हती. कंपनीच्या स्पर्धा विभागाने हीच गाडी ल मान्सला नेली. 1963 मध्ये पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचिसन बाराव्या क्रमांकावर आले, तर 1964 च्या माँटे कार्लो रॅलीत मॉर्ली बंधूंनी जीटी गट जिंकला. स्पर्धेच्या गाड्यांसाठी अधिक ताठ स्प्रिंगा वापरल्या जात आणि ॲबिंगडनचा स्पेशल ट्यूनिंग विभाग असे भाग सामान्य ग्राहकालाही विकत असे. गाडी खाली आणण्याच्या छंदाची सुरुवात, म्हणजे, खुद्द कारखान्याच्या दारातच झाली.

मग अमेरिकेत बंपरचे नियम आले. ताशी 5 मैलांच्या धक्क्यात दिवे आणि इतर सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, आणि हा धक्का रस्त्यापासून 16 ते 20 इंचांच्या पट्ट्यात झेलला गेला पाहिजे, अशी अट होती. एमजीबीचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिकाच. नवी गाडी आखायला एमजीची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता, म्हणून जुनीच उंच करण्यात आली. सप्टेंबर 1974 पासून क्रोमच्या पट्ट्या जाऊन जाड काळे बंपर आले. त्यांना सगळे रबरी म्हणतात. प्रत्यक्षात आत पोलाद आणि वर पॉलियुरेथेन असे. गाडी सुमारे दीड इंचाने वर गेली: पुढे क्रॉसमेंबरमध्ये बदल केला गेला आणि मागे पाट्यांची कमान वाढली. भरीस भर म्हणून खर्च वाचवण्यासाठी रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही काढला गेला. गुरुत्वमध्य वर आणि कलंडणे रोखणारा बार गायब, असा हा दुहेरी घाट्याचा सौदा. वळणावर गाडी कुशीवर झुकू लागली आणि झुकताना मागचा ॲक्सल स्वतःच थोडा वळू लागला. 1976 मध्ये पुढे-मागे दोन्हीकडे बार बसवून कंपनीने चूक बरीचशी निस्तरली, उंची मात्र तशीच राहिली. पुढे डर्बीच्या रॉन हॉपकिन्सन यांचा जाड बारांचा संच याच गाड्यांसाठी नावाजला गेला.

उंची उतरवण्याचे मार्ग तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत. मागे क्रोम बंपरच्या गाडीचे सपाट पाटे घालायचे, किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा बसवायचा. ठोकळा स्वस्त, पण इंजिनाचा जोर लागला की पाटा पिळवटण्याचा धोका त्याने वाढतो. पाटे बदलणेच शहाणपणाचे. पुढे आखूड स्प्रिंग. गॅरेजमध्ये जुन्याच स्प्रिंगचा वेढा कापण्याची पद्धतही होती आणि ती वाटते तितकी अडाणी नाही. आठ कार्यकारी वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सुमारे 14 टक्के ताठ होते, आणि आखूड स्प्रिंगला तो ताठपणा लागतोच. चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. स्प्रिंग तितकीच मऊ ठेवली तर पहिल्याच खड्ड्यात सस्पेन्शन रबरी स्टॉपवर आदळते. मात्र ताठपणा हिशेबात ठेवावा लागतो. तारेची जाडी फक्त 5 टक्क्यांनी वाढली तरी तो 21 टक्क्यांहून अधिक वाढतो. उलट स्प्रिंग खालच्या आर्मच्या मधोमध टेकली असेल तर चाकापाशी तिच्या ताठपणाचा चौथा हिस्साच पोहोचतो. कॅटलॉगमधला ताठपणाचा पाउंडांतला आकडा पाहून घाबरणारे आणि हुरळणारे, दोघेही फसतात ते इथेच.

आणखी एक अडचण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पुढचा भाग फार उतरवला की खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलले जातात. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते तो बिंदू अशा वेळी बॉडीपेक्षाही अधिक खाली जातो, म्हणजे उंची घटवूनही झुकाव वाढू शकतो. क्रोम काळातल्या उंचीपर्यंत उतरवणे फायद्याचे. त्याखाली जाणे बहुधा छायाचित्रापुरतेच.

शॉक ॲब्सॉर्बरची निवड स्प्रिंगच्या मागून येते. वजन तेच राहून स्प्रिंग दुप्पट ताठ झाली, तर तिचे हेलकावे त्याच प्रमाणात आवरायला सुमारे 1.4 पट जोराचा शॉक लागतो. जुना, झिजलेला लिव्हर आर्म ठेवून फक्त स्प्रिंगा बदलल्या की गाडी उसळतच राहते, आणि दोष स्प्रिंगांच्या माथी बसतो. मूळ शॉक नीट दुरुस्त करून आतला व्हॉल्व्ह जरा कडक केला, तर रस्त्यावरच्या वापराला तो पुरतो. त्याची खरी उणीव म्हणजे डबीतले तेल थोडे, त्यामुळे सततच्या माराने ते तापते आणि पातळ पडते. म्हणून टेलिस्कोपिक शॉकचे जोडसंच निघाले. मागे ते सहज बसतात. पुढे मात्र अनेक संचांत जुन्या शॉकचा व्हॉल्व्ह काढून त्याला केवळ आर्म म्हणून जागेवर ठेवतात आणि नवा शॉक वेगळ्या ब्रॅकेटवर लावतात. कोनी आणि स्पॅक्स यांचे जोर कमी-जास्त करता येणारे शॉक याच वाटेने एमजीबीखाली आले.

1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीच्या नव्या बॉडी बनवायला घेतल्या, आणि त्यांच्याच आधारे रोव्हरने 1992 मध्ये आरव्ही8 सादर केली. तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये लिव्हर आर्मला रजा मिळून टेलिस्कोपिक शॉक आले; मागे मात्र कमानपाटेच राहिले.